तुसावरचा सडा

पिल्लांना थंड जागेत न्यायचं, एवढंच मला सांगितलं होतं. मी तिथं पसरलेल्या भाताच्या तुसावर सडा मारला.

यात काय चुकलं, असं त्या वेळी कुणी विचारलं असतं तर मीच त्याला उलट विचारलं असतं. आमच्या नायगावात ऊन तापायला लागलं की संध्याकाळी अंगणात पाणी मारल्याशिवाय कुणी बाज टाकत नाही. गारवा म्हणजे पाणी, हे हाडात बसलेलं.

पिल्लं बायकोची. चाळीस, गावरान कोंबडीची, तीन आठवड्यांची. मागच्या साली ती माहेरी गेली असताना अर्धी पिल्लं माझ्या हातून गेली. कशानं, ते मला अजून कळलेलं नाही. तिला कळलेलं आहे. यंदा लेकीला डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं, म्हणून बाळंतपणाला हीच लातूरला गेली आणि पिल्लं पुन्हा माझ्या गळ्यात पडली. जाताना एवढंच म्हणाली, "यंदा तरी."

मग एका सकाळी फोन. "पत्र्याच्या खोलीत लई उकडत असंल त्यांना. पंख फुटलेत आता. मागच्या मातीच्या खोलीत न्या. बल्ब जरा उंच टांगा. कळलं?"

"हाव," मी म्हणालो. आमच्या संसारात मी सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेला शब्द.

धर्माबादहून आणलेलं तूस पसरलं, वर सडा मारला, बल्ब उंच टांगला, आणि टोपलीत दहा-दहा पिल्लं घालून चार खेपा केल्या. दर खेपेला खाली बसायचं, उठायचं. चौथ्या खेपेला मी उठताना कण्हलो की पिल्लं कण्हली, सांगता येणार नाही. बाहेर येऊन बाजेवर आडवा झालो. थंड जागा करून दिली, आता थंड पडू, असा विचार.

जाग आली ती शेजारच्या खालांच्या आवाजानं. त्यांच्याकडं कोंबड्या पिढ्यान्‌पिढ्या. भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "गुरुजी, पिल्लं रडून राहिलीत. ऐकू येईना काय?"

मला वाटलं, नव्या घरात आनंदानं ओरडत असतील. खाला तोवर आत गेल्या होत्या. सगळी पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर चढलेली. खालांनी तुसात हात घातला, मूठभर तूस पिळलं, आणि माझ्याकडं पाहिलं.

"या अल्ला! इथं लगीन हाय काय, सडा मारायला?"

मग ओलं तूस घमेल्यानं बाहेर, कोरडा तुरीचा भुसा आत. बल्ब खाली घेतला. खाला म्हणाल्या, "आता बसा इथंच. बल्बाखाली गोळा झाली तर गार वाजतंय. भिंतीला पळाली तर उकडतंय. पसरून बसली तर तुम्ही सुटलात."

दुपारभर मी पालथ्या बादलीवर बसून बल्ब वर-खाली करत राहिलो. पाठ बोलत होती, मी तिला उत्तर देत नव्हतो. दिवस कलला तेव्हा कुठं पिल्लं भुशावर इकडंतिकडं पसरली, उकरायला लागली. एक मात्र उठलं नाही. ते बराच वेळ माझ्या ओंजळीत होतं. ऊब देत होतो. मग ऊब फक्त माझ्याच हाताची उरली.

पंधरवड्यानं बायको परत आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी मागच्या खोलीत. मी दारात उभा, मांजराची एक गोष्ट तयार करून.

"एकोणचाळीस," ती म्हणाली. मग खाली वाकून भुसा हातात घेतला. "तूस कुठं गेलं?"

मांजर माझ्या तोंडातून बाहेरच पडलं नाही. सगळं सांगून टाकलं. सडा, झोप, खाला, बादली, ओंजळ. ती ऐकत होती. एक पिल्लू तिच्या पायावर चढलं, ते तिनं अलगद उचलून खाली सोडलं. पाठीला हात लावून मी उंबऱ्यावरच टेकलो.

मग हात झटकून म्हणाली, "पुढल्या महिन्यात लेक बाळाला घेऊन येणार हाय. त्यांच्या खोलीला तुम्ही हात लावायचा न्हाई."