उमेदवाराच्या पुढे दीर

मामीनं पुस्तक लिहायला घेतलं तेव्हा टाइप करायला मला बोलावलं. कॉम्प्युटरवर मराठी टाइप करू शकणारी घरात मी एकटीच होते, तीही अडखळत. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे एखादं जोडाक्षर शोधेपर्यंत मामीचं वाक्य हवेत लटकलेलं असायचं. पण तिची तक्रार नव्हती. "तू बोलत नाहीस तेच बरं," ती म्हणाली. "तुला सांगितलेलं गल्लीत जात नाही."

इंदिरानगरच्या तिच्या फ्लॅटमध्ये दुपारची जेवणं झाली की आम्ही बसायचो. नगरसेविका असतानाची वर्षं ती झरझर सांगायची. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला म्हणून मामांनी तिला उभं केलं, बॅनरवर मामांचा फोटो तिच्यापेक्षा मोठा होता, पहिल्या सभेत मामांनी लिहून दिलेला कागद तिनं पदराआड धरून वाचला, हे सगळं ती हसत सांगायची. मग पाण्याची टाकी. टाकीवर एक अख्खं प्रकरण झालं. पाइप कुठून कुठे गेला, ठेकेदाराला तिनं उन्हात कसं उभं केलं, सगळं. लोक हळूहळू हॉलमध्ये बसलेल्या मामांना ओलांडून थेट स्वयंपाकघरात तिच्याकडे यायला लागले होते, ते मीही पाहिलं होतं.

मग मामा हार्ट अटॅकनं गेले. पुढच्या निवडणुकीत वॉर्ड खुला झाला. तरी मामीनं स्वतःहून तिकीट मागितलं, ते मिळालं आणि ती हरली. त्या प्रकरणापाशी आल्यावर ती म्हणाली, "लिही. पक्षातली गटबाजी, मतांची फाटाफूट आणि पैशाचा वापर यांमुळे माझा पराभव झाला. संपलं."

माझी बोटं हलली नाहीत. त्या प्रचारात मी पत्रकं वाटत होते.

आमच्याकडे उमेदवार दारात आला की बायका त्याला ओवाळतात. पहिल्या दिवशी पहिल्याच रो-हाउसच्या दारात एक बाई तबक घेऊन उभ्या होत्या. त्यांनी कुंकवात बोट बुडवलं, मामीच्या कपाळाकडे नेलं आणि ते मध्येच थांबलं. मामा जाऊन वर्षही झालं नव्हतं. त्या बाईंनी बोट तबकाच्या काठाला पुसलं. "ताई, तुम्हाला कसं..."

"राहू द्या," मामी म्हणाली. "मत द्या, म्हणजे ओवाळलंत."

पुढच्या दारात तसंच. त्याच्या पुढच्या दारात तबक आधीच चपलांच्या कपाटावर ठेवून दिलेलं.

संध्याकाळी पक्षाच्या एका जुन्या कार्यकर्त्यानं मार्ग सुचवला. "वहिनी, ओवाळण्याशिवाय प्रचार सुना सुना वाटतो. फोटो पण येत नाही. धाकट्या भाऊंना पुढं चालू द्या की. ओवाळायचं त्यांना, मत तुम्हाला."

धाकटे मामा, म्हणजे मामीचे दीर, गोरेमोरे झाले. "मला कशाला मधे घेता?"

"व्हा पुढं, भाऊजी," मामीच म्हणाली. "कपाळ काय झिजणार नाही तुमचं."

दुसऱ्या दिवसापासून बायकांना सुटल्यासारखं झालं. धाकट्या मामांचं कपाळ कुंकवानं भरून जायचं, फोटो यायचे. पण दोन दिवसांत लोक गटारीचंही त्यांनाच सांगायला लागले. "साहेब, आमच्या ड्रेनेजचं बघा." ते म्हणायचे, "वहिनींना सांगा." लोक त्यांच्या खांद्यावरून मामीकडे बघून मान हलवायचे आणि उरलेलं पुन्हा त्यांनाच सांगायचे.

समोरच्या उमेदवाराची पोरं चहाच्या टपरीवर बसलेली असत. आम्ही जाताना मुद्दाम मोठ्यानं बोलत.

"उभं कोण हाय रे? दीर का वहिनी?"

"एकच की! पाट लागला असंल त्यांचा."

"मग जेवण दिलं नाय राव!"

पाट म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं. घरी आईला विचारलं. विधवेचं दुसरं लग्न, असं तिनं पाठ फिरवून सांगितलं आणि तो शब्द पुन्हा तोंडात आणायचा नाही म्हणाली. तोवर तो वॉर्डभर झाला होता. धाकट्या मामींनी तो भाजी घेताना ऐकला. त्यानंतर धाकटे मामा प्रचाराला आले नाहीत. शेवटच्या दिवसांत मामी एकटी पुढे असायची, हात जोडून, आणि दारातल्या बायका तिच्यामागे बघत विचारायच्या, "आज भाऊ नाही आले?"

"मामी, ते ओवाळण्याचं?" टाइप न करता मी विचारलं.

तिला कळलं. "ते छापलं की लोक तेवढंच वाचतील. बिचारी विधवा होती. माझी टाकी कोण वाचणार?"

तरी मी म्हणाले, "पण पैशामुळे हरलीस हे खोटं आहे."

"सगळं खोटं नाही."

"सगळं खरंही नाही."

ती उठून आत गेली. चहा करून आणला, माझ्यासमोर ठेवला आणि उभ्यानंच सांगायला लागली. तबकं, कपाट, टपरीवरचा तो शब्द, सगळं. शेवटी म्हणाली, "हेही लिही. उमेदवार मी होते, आणि दिराला पुढे व्हा असं मीच म्हटलं. पहिल्याच संध्याकाळी मी माझी जागा सोडली."

ते पान आईनं वाचलं. "माझ्या भावाला त्या शब्दाशेजारी छापणार?" ती मामीला म्हणाली. "त्याच्या मुलीला स्थळं बघतोय आपण. तुमचं पुस्तक होईल वहिनी, तिचं काय?"

मामीनं आईच्या हातातलं पान घेऊन पुन्हा वाचलं. मग मला म्हणाली, "तो शब्द काढ. भाऊजी का थांबले, तेही काढ. तेव्हा त्या पोरांनी भिंतीवर लिहायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. ते मी माझ्या हातानं कशाला लिहू?"

मी काढलं. ओवाळण्याचं राहिलं, तिनं जागा सोडल्याचं वाक्य राहिलं. धाकटे मामा मात्र एका परिच्छेदात पुढे चालत होते आणि पुढच्या परिच्छेदात नव्हते.

प्रकाशनाच्या दिवशी मी पुस्तकांच्या टेबलाशी मामीशेजारी बसले होते. वॉर्डातले एक निवृत्त गृहस्थ सहीसाठी आले. त्यांनी पुस्तक आधीच मिळवून वाचलं होतं. "ओवाळण्याचं वाचून वाईट वाटलं हो," ते मला म्हणाले. मामी दुसऱ्या कुणाला तरी सही देत होती. "पण बघा, इतकं केलं त्या दिरानं, त्यानंही शेवटी काढता पाय घेतला. बाईमाणसाच्या हातात सत्ता आली की घरात पटत नाही कुणाशी."

"तसं नव्हतं," मी म्हणाले.

"मग कसं होतं?" त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी तोंड उघडलं, तेवढ्यात मामीनं हात पुढे करून त्यांच्याकडून पुस्तक घेतलं. "पटलं नाही आमचं," ती म्हणाली, आणि नाव विचारून सही केली.