रामूचा पोप आणि माझे आक्षेप

सकाळी फोन वाजला तेव्हा मी फिल्टरमधून कॉफीचं डिकॉक्शन उतरायची वाट बघत होतो. "भावोजी, हे गेले…" एवढंच सरोजावहिनी, रामूची बायको, बोलल्या. त्या घरातून नऊ वर्षांनी आलेला हा पहिला फोन. वेस्ट मांबलममध्ये आमच्या दोन घरांत दोन गल्ल्यांचं अंतर, आणि नऊ वर्षं ते मला ओलांडता आलं नाही.

रामचंद्रराव, माझा रामू, आणि मी दोघंही तंजावरकडच्या मराठी घरांतले. एका बाकावर शिकलो. पुढे तो एका ख्रिस्ती शाळेत इतिहास शिकवायला लागला आणि मी सरकारी कचेरीत फायली उपसायला. एकदा वर्गातल्या एका मुलीनं त्याला विचारलं, "सर, एखादा पोप गरीब होता का?" रामूला उत्तर येईना. झालं, स्वारी ग्रंथालयात ठाण मांडून बसली. तिथं त्याला कॅलिक्स्टस भेटला. तिसऱ्या शतकातला रोमचा पोप, पण मूळचा गुलाम. शिक्षा म्हणून जात्याला जुंपलेला, मग सार्डिनियाच्या खाणीत धाडलेला, सुटून आल्यावर दफनभूमी सांभाळणारा, आणि शेवटी पोप! पाप केलेला माणूस पस्तावून आला तर त्याला परत घ्यावं, असं त्याचं म्हणणं. त्यावरून त्याच्यावर काय आग पाखडली गेली! त्याची हकीकत आज आपल्याला कळते तीही मुख्यतः त्याच्या कट्टर विरोधकाच्या लेखणीतून. "भांडणारा कुणी होता म्हणून तो उरला रे," रामू हसून म्हणायचा. रोज संध्याकाळी तो वाचलेलं मला ऐकवायचा आणि मी फाटे फोडायचो. तो वैतागायचा, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा कागद घेऊन हजर.

टी. नगरात आमच्या मंडळींचा एक छोटा हॉल आहे. तिथं त्यानं कॅलिक्स्टसवर व्याख्यान दिलं. मी तेव्हा चिटणीस. पोपशी आपलं काय देणंघेणं, अशी कुजबुज आधीच माझ्या कानावर आली होती. चिटणीसपणाची ऐट म्हणा, दुसरं काय… व्याख्यान संपताच मी उठून भर सभेत विचारलं, "इतकी वर्षं त्यांचं मीठ खाल्लंस, आता आम्हाला बाटवायला आलास काय?" काही जण हसले. रामूनं कागद गोळा केले. "अय्यो गोविंदा, तू पण?" एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

माफी मागायला मी तीनदा निघालो. एकदा तर त्याच्या फाटकापर्यंत गेलो आणि आत कुकरची शिट्टी झाली, जेवायची वेळ असेल असं म्हणून परत फिरलो. पुढे एकदा मांबलम स्टेशनच्या पुलावर तो समोरून आला. त्यानं हात वर केला. मी मोगऱ्याच्या गजऱ्यांचा भाव विचारत बसलो. माझ्या घरी गजरा माळणारं कुणी उरलेलं नाही. या वागण्याला मी स्वाभिमान म्हणत आलो, पण ती निव्वळ भीती होती. त्यानं मला परत घेतलं नसतं तर, याची.

तेराव्यानंतर वहिनींनी त्याच्या वह्या माझ्यापुढे ठेवल्या. "हे तुम्हीच न्या भावोजी. गोविंदाशिवाय पुरं होणार नाही म्हणायचे." घरी येऊन उघडल्या. भांडणानंतरही तो लिहीतच होता. प्रत्येक पानाच्या समासात लाल शाईनं 'गोविंदा म्हणेल:' आणि पुढे माझा आक्षेप, अगदी माझ्याच तिरकसपणानं. त्याखाली त्याचं उत्तर. काही आक्षेप तर मलाही सुचले नसते इतके नेमके. नऊ वर्षं हा माणूस माझ्याशी रोज बोलत होता आणि मला पत्ता नव्हता. वाचताना मी मोठ्यानं रडलो, या वयात.

शेवटच्या पानावर लिहिलंय, 'गोविंदा विचारेल: पण चुकलेला माणूस आलाच नाही तर?'

खाली उत्तरासाठी त्यानं अर्धं पान सोडलं आहे.