सव्वीस जानेवारीची जिलेबी

लातूर जिल्हा नवीनच झाला होता आणि नवऱ्याला तिथल्या कचेरीत नोकरी लागली होती. दुष्काळाचं साल होतं. सव्वीस जानेवारीला शाळेतला झेंडा माझ्या सासऱ्यांनी फडकवावा असं गावानं ठरवलं, म्हणून जिलेबी घेऊन आम्ही आदल्या दिवशीच गावी गेलो.

सकाळी सासूबाईंनी नवऱ्याला एक आणि मला दोन बादल्या ऊन पाणी काढून दिलं. मी नांदेडची, गोदावरीच्या काठी वाढलेली. मजेत डोक्यावरून न्हाले.

झेंड्याची दोरी ओढताना सासऱ्यांचे हात थरथरत होते. वय झालं आता, असं मी नवऱ्याच्या कानात म्हणाले. घरी आल्यावर जिलेबी पुढे केली, तर दोघांनीही ताटली बाजूला सारली. "आमचं मागून बघू," सासूबाई म्हणाल्या. मी मनातून चिडलेच. एवढ्या लांबून आणली आणि यांचे हे नखरे.

दुपारी टँकर आला. पहिल्या घागरीवर दोघांनी अंघोळी उरकल्या, गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा केली आणि मग कुठे घोटभर पाणी प्याले. अंघोळ-पूजेशिवाय ही माणसं तोंडात काही घालत नाहीत, हे मला लग्नापासून ठाऊक होतं. रांजणातलं होतं नव्हतं ते पाणी आमच्या अंगावर गेलं होतं. मला वर बघवेना.

जिलेबीचा तुकडा मोडता मोडता सासूबाई म्हणाल्या, "केस वाळले का गं? लई थंडी हाय, ओलं डोकं ठेवू नकोस."