एकदाणीतून गळलेलं पेट्रोल

सत्तरच्या दशकात पेट्रोलचे भाव भडकले, तेव्हा शेलूबाजारात फटफटी ढकलत नेणारा पदवीधर एकच, तो म्हणजे मी. शाळेत विज्ञान शिकवायचो. अंगणात गोबरगॅस होता. एका मासिकात वाचलं, की काही वायू तापलेल्या लोखंडावरून नेले तर त्यांचं तेल बनतं. मग लोखंडाला जमतं ते सोन्याला का जमू नये? हा शोध मात्र माझा स्वतःचा.

घरात सोनं म्हणजे बायकोची एकदाणी. तिच्या मायनं कापूस वेचून दर हंगामाला एकेक मणी घेतला, लेकीसाठी माळ ओवली आणि लेकीच्या लग्नानंतर वर्षभरात माय वारली.

"उत्प्रेरक खर्च होत नसते," मी बायकोला वर्गातल्यासारखं सांगितलं. "जसा जाते तसाच वापस येते."

"तुमी शिकलेले. तुमाले ठाव असंन," म्हणत तिनं गळ्यातून काढून दिली. भांडली असती तर वाचलो असतो.

लोखंडी नळीत मणी घातले, खाली भट्टी पेटवली, एका तोंडानं गॅस सोडला आणि दुसऱ्या तोंडाखाली बाटली धरली. थोड्या वेळानं तांबूस थेंब पडला. मग दुसरा. मी अक्षरशः नाचलो आणि शेजारी भाजीचा मळा करणाऱ्या काकांना हाक मारली.

त्यांनी थेंब बोटावर घेऊन हुंगला. "मास्तर, हे तं लाख होय! पोकळ मण्यात भरतेत ते. बायकोचे मणी कायले जाळून राह्यले?"

अख्ख्या गावाला ठाऊक असलेली ही गोष्ट माझ्या पदवीत नव्हती.

नळीतून काळी, चेपलेली टरफलं निघाली. सोनारानं ती आटवून गोळी दिली. सोनं रतीभरही घटलं नव्हतं, आणि हे मी तिला अभिमानानं सांगितलं. काय म्हणावं माझ्या अकलेला!

ती गोळी तळहातावर फिरवत राहिली. "पयल्या मण्याले मायच्या दाताची खूण होती," एवढंच म्हणाली.

"याचेच नवे मणी करून आणतो."

"कायले? ते तुमचे होतीन."

परवा वाचलं, वायूंपासून इंधन करायला आता खरंच सोन्याचे अतिसूक्ष्म कण वापरून पाहतात. ती समोरच भाजी निवडत होती. "काय लिहिलं हाये?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "काही नाही," आणि पान उलटलं.