उलटा चढ

आमच्या गाडीत एकच दोष होता, आणि तो फक्त आमच्याच दारात दिसायचा.

सपाटीवर ती मुकाट मागे जायची. पुढच्या तोंडाने कसलाही चढ कुरकुरत का होईना, चढायची. पण चढावर मागे घ्यायची म्हटलं की तिला हिवताप भरायचा. क्लच सोडता सोडता खालून थडथड सुरू व्हायची, ती सीटमधून माझ्या दातांपर्यंत यायची, मागच्या फडताळातली भांडी वाजायला लागायची, मग जळका वास, आणि वीतभर मागे जाऊन इंजिन बंद. पुन्हा चालू करायचं, पुन्हा वीतभर. आमची गल्ली साठ-सत्तर पावलांची होती. तिच्यात वितीच्या मापाने किती थडथडी बसतात ते मी कधी मोजलं नाही. डावा पाय मात्र अजून मोजतो.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. आम्ही घाटकोपरला डोंगराच्या अंगावर राहायचो. गल्ली खालच्या रस्त्यापासून वर चढत आमच्या इमारतीशी संपायची. पुढे भिंत, डाव्या हाताला इमारतीची पायरी. गाडी वळवायला जागा नाही. रिक्षावाले वर यायचे नाहीत. आईचे गुडघे गेल्यापासून तिलाही तो उतार उतरता येईना, मग चढण्याचं नावच नको. दोन वर्षं ती घराबाहेर पडली नव्हती. तिची थोरली बहीण, म्हणजे आमची मावशी, मालवणजवळ एका वाडीत. कोकणात तेव्हा रेल्वे नव्हती, आणि एसटीत बारा-चौदा तास बसणं आईला शक्य नव्हतं. मावशीच्या पत्राच्या शेवटी दर वेळी एकच ओळ असायची : ‘कधी येतंस?’

म्हणून मी आणि धाकट्या भावाने विक्रोळीच्या एका कारखान्याने मोडीत काढलेली डिझेल व्हॅन घेतली आणि तिचं फिरतं घर करायचं ठरवलं. आईला आडवं होऊन जाता येईल, वाटेत चहा करता येईल, कुठेही थांबता येईल. नकाशा मी काढला. मी आयुष्यभर एका कचेरीत आवक-जावक सांभाळली, त्यामुळे कागदावर चौकोन आखायचा माझा हात चांगला. एका बाजूला पलंग, वर फडताळ, समोर ओटा. ओटा साधासुधा नाही, कडप्प्याचा. आईला ओटा म्हणजे कडप्प्याचाच लागतो, आणि स्वयंपाक करताना तोंड पूर्वेलाच लागतं, हे आम्हाला लहानपणापासून पाठ होतं. घरातली शेगडी कोणी इकडची तिकडे केली तर ती जेवायची नाही.

गवंडी आला त्या दिवशी गाडी पोरांनी ढकलून, ढुंगण वर आणि तोंड खाली अशी, पायरीशी लावलेली होती. पूर्व कुठे ते मी सूर्य बघून नक्की केलं. गाडीच्या डाव्या अंगाला निघाली. तिथे सरकतं दार होतं.

“दादा, दार बंद होईल ना,” भाऊ म्हणाला.

“मागे आहे की दुसरं,” मी म्हणालो. “घराला दारं कशाला दोन-दोन?”

तर असा तो ओटा सरकत्या दाराला आडवा बसला, लोखंडी अँगलवर, नट-बोल्ट आवळून. येण्याजाण्याला उरलं मागचं दार. ते पायरीशी यायचं तर गाडी उलटीच चढवायला हवी. पुढच्या तोंडाने वर नेली तर मागचं दार उतारावर उघडायचं, जमिनीपासून कमरेइतकं उंच, खाली गटार. आईला तिथून उतरवायचं म्हणजे भिंतीवरून उतरवण्यासारखं.

पहिली सफर कांदिवलीला बहिणीकडे. जाताना झकास. आई पलंगावर पाय पसरून बसली, खिडकीतून दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत. येताना गल्लीच्या मध्यावर गाडीला हिवताप भरला. आई आतून ओरडली, “माका आधी भायर काढा!” शेजारच्यांनी खुर्ची आणली, चौघांनी तिला खुर्चीसकट उचलून वर नेलं. मग पोरांनी रिकामी गाडी ढकलली.

मेकॅनिक असल्फ्याचा. गाडीखाली आडवा होऊन म्हणाला, “साहेब, क्लचची प्लेट गेली. नवी टाकतो, मख्खन चालेल.” नवी प्लेट टाकली. त्याच्या गॅरेजसमोरच्या सपाट रस्त्यावर त्याने गाडी चार वेळा मागे घेऊन दाखवली, मख्खन. दुसरी सफर वर्सोव्याला. आईला खाडी बघायची होती, सुकत घातलेल्या बोंबलांचा वास घ्यायचा होता. घेतला. येताना पुन्हा मध्यावर तेच. पुन्हा खुर्ची.

मग इंजिनाचे रबर बदलले. मग क्लचची केबल. मग मेकॅनिक स्वतः गल्लीत आला, एकदा वीतभर मागे गेला, गाडीतून उतरला आणि डोंगराकडे बघत उभा राहिला.

“गाडीत काय नाही साहेब,” तो म्हणाला. “तुमची गल्लीच रिपेर करायला पाहिजे.”

भावाला मुलुंडचा एक गृहस्थ सापडला, त्याच कारखान्याची दुसरी व्हॅन घेतलेला. त्यानेही तिचं फिरतं घर केलं होतं, पडदेबिडदे लावून. आम्ही एका रविवारी गेलो, दोन रोगी एकमेकांना भेटतात तसे.

“तुमची पण थरथरते?” मी विचारलं.

“थरथरते? अहो, माझी कवळी पडली एकदा.”

“मग काय केलंत?”

“काही नाही. चढावर मागे घेतच नाही. तोंडानेच चढवतो.”

“आणि उतरता कसे?”

त्याने बाजूचं दार सरकवून दाखवलं. दार छान सरकलं. मी ते बघितलं, मान डोलावली, आणि घरी येताना भावाला म्हणालो, “काही अर्थ नाही रे. मूळ दोष त्याला कळलाच नाही.”

तिसऱ्या वेळी, नवी प्रेशर प्लेट टाकून, आईला मुद्दाम जवळच, बाजारापर्यंत नेलं. तिसऱ्यांदा खुर्ची. या वेळी उचलणाऱ्यांतला एक जण हसला. वाईट मनाने नाही, पण हसला. वर पोचल्यावर बायकोने पाणी दिलं, ते आईने घेतलं नाही.

वैशाखात मावशीकडे जायचं ठरलं होतं. पत्र गेलं होतं. तिने परसातल्या फणसावर खूण करून ठेवल्याचं उत्तरही आलं होतं.

“मी काय येवचंय नाय,” आई म्हणाली.

“अगं, जाताना काही त्रास नाही. येताना फक्त...”

“जाताना सोताच्या पायान जायन, आणि येताना चौघांच्या खांद्यावरसून? त्याका अजून येळ आसा.”

भाऊ उठून गॅलरीत गेला. मी नेहमीप्रमाणे यंत्रशास्त्रात शिरलो. म्हणालो, आता गिअरबॉक्सच खाली उतरवू, मेकॅनिक म्हणतो त्यात काहीतरी असेल, पंधरा दिवसांत...

“पण तुमी ती उलटी कित्याक चढयतास?”

मी तिला समजावलं. पूर्व, ओटा, सरकतं दार, मागचं दार, सगळं क्रमाने. सांगता सांगता माझा आवाज लहान होत गेला, कारण हे सगळं मी पहिल्यांदाच सलग ऐकत होतो.

आई माझ्याकडे बघत राहिली. “गाडयेत खयची रे पूर्व? ती भांडुपाक येगळी आणि पनवेलाक येगळी.”

“पण तूच म्हणतेस ना, स्वयंपाक...”

“मी घरातला सांगलंय. आणि गाडयेत रांधूक मी कशाक जातलंय? माका फिरूक व्हया. तुमका कोणी सांगल्यान ओटो घालूक? इचारलास माका?”

नव्हतं विचारलं. वर्षभर गाडीची प्लेट, रबर, केबल सगळ्यांना विचारून झालं होतं, आईला सोडून. बायको आत जाऊन हसत होती, ते मला भांड्यांच्या आवाजावरून कळलं. “वाट लागली आपली, दादा,” भाऊ गॅलरीतून म्हणाला, आणि पाना शोधायला लागला.

बोल्ट गंजले होते. कडप्पा उतरवायला त्याच चार शेजाऱ्यांना बोलवावं लागलं, आणि तो आईपेक्षा जड आहे असं त्यांनी एकमताने सांगितलं. मग मी गाडी खाली नेली आणि तोंडाने वर चढवली. कुरकुरली, पण चढली. सरकतं दार ओढलं, ते थेट पायरीवर उघडलं. आई एकटी उतरली, कठड्याला धरून. उतरली, आणि पुन्हा आत जाऊन बसली. पुन्हा उतरली. असं तिने तीनदा केलं.

थडथड कधीच गेली नाही. मीही तिचा नाद सोडला. चाळिशी उलटल्यावर काही दोषांशी भांडत बसायची ताकद राहत नाही.

वैशाखात गेलो. दोन दिवस थांबत थांबत. मावशीचं घरही चढावर, पण अंगणापर्यंत वाट होती आणि अंगणात आंब्याचं मोठं झाड. मी तोंडानेच चढलो. आईला उतरायचं होतं, पण त्याआधीच मावशी काठी टेकत आली आणि सरकत्या दारातून आत चढली. पलंगावर दोघी शेजारी बसल्या, पाय खाली सोडून. आता उतरा म्हटलं तर उतरेनात.

माझी पाठ, पाय, मान सगळं गेलं होतं. मी ओसरीवर आडवा झालो. डोळा लागतो न लागतो तोच आईची हाक आली.

“अरे, सावली सरली. गाडी जरा फुडे घी.”

उठलो, चार हात पुढे घेतली. दोघींनी बोलणं थांबवलं नाही. कोण गेलं, कोणाच्या नातीचं लग्न ठरलं, कोणाची विहीर आटली. तासाभराने पुन्हा हाक. पुन्हा चार हात पुढे. झाडाच्या भोवती, सावलीच्या मागे, मी दिवसभर गाडी पुढे पुढे घेत राहिलो.

उन्हं कलता कलता भाऊ बघायला आला. “दादा, किती वेळ चालणार हे?”

“तू बस जरा स्टिअरिंगवर,” मी म्हणालो. “दोघी आता कुठे आपापल्या लग्नापर्यंत आल्यायत.”