मावसाजींचं अंदाजन

आमच्या मावसाजींनी जन्मात एकही गोष्ट ठामपणे सांगितली नाही, आणि हे मात्र मी ठामपणे सांगतो. आदिलाबादच्या कॉलेजात ते गणित शिकवायचे आणि त्यातच संशोधनही करायचे. आज वार कोणता, असं विचारलं तरी आधी कॅलेंडरकडे संशयाने पाहायचे आणि मग म्हणायचे, "अंदाजन बुधवार." तहसील कचेरीतल्या जुन्या कारकुनांच्या तोंडी हा शब्द राहून गेला होता, तो मावसाजींनी उचलून घरी आणला. "निजामानं आपल्याले एवढा एकच शास्त्रीय शब्द देल्ला," असं ते म्हणत. भाकरी किती खाल, असं मावशीने विचारलं की उत्तर यायचं, "तीन ते पाच." ती चार करी. पाचवी मागितली की पुन्हा पीठ मळताना ती जे बोलायची, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मावशीच्या माहेरी, तामसीला जायचं तर चौकशीच्या खिडकीत एकदाच विचारणं त्यांना पटत नसे. एकट्या माणसाचं काय खरं! मग शेंगदाणेवाल्याला हिंदीत, पोरांना तेलुगूत, गाठोड्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला मराठीत बसची वेळ विचारायची, सगळ्यांची सरासरी काढायची आणि ती कितीने चुकेल तेही काढायचं. तेवढ्यात बस निघून जायची. "पन वेळ बराबर निंगाली ना," हे वर. मावशीला पाहायला गेले तेव्हाही तेच. पोरगी पसंत आहे का, असं तिच्या वडिलांनी विचारलं तर हे म्हणाले, "बहुतेक." आजोबांच्या हातातले पोहे हातातच राहिले. मावशी मात्र आतल्या खोलीत हसली आणि म्हणाली म्हणे, "खोटं तं बोलत नाही ना. याच्याच घरी द्या मले."

तुमचं संशोधन म्हणजे नेमकं काय, असं मी एकदा विचारलं. 'नेमकं' या शब्दाने ते जरा दुखावले, पण मला कापसाच्या बाजारात घेऊन गेले. ढिगांच्या पलीकडे लग्नाचा भोंगा वाजत होता.

"ढोल ऐकू येते. बाई काय गाऊन राह्यली, समजते?"

नव्हतं समजत.

"ढोलाच्या आवाजाची लाट लांब, तिले ढिगाचं काई वाटत नाही. गान्याची लाट बारीक. वाटंत कापूस कुठं दाट, कुठं पातळ, आपल्याले ठाव नाही. तो अंदाज जरासाबी चुकला, तं बारीक लाट दूर जाऊन भलतीकडंच निंगते. म्हनून दरखेपी येगळा कापूस मानून तेच गनित पुन्ना पुन्ना करायचं. उत्तर सांगायचं, अन् ते किती चुकन तेबी सांगायचं. नुसतं उत्तर सांगनं म्हंजे फेकनं."

पुढे मावशीच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं, नागपूरला. डॉक्टरांनी धोका टक्क्यांत सांगितला. ही तर मावसाजींचीच भाषा, पण त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. आत नेताना मावशीने त्यांचा हात धरला. "मी घरी येईन ना?"

"येशीन," मावसाजी म्हणाले. "पक्कं येशीन."

मावशीचा चेहरा उतरला. "आता मात्र मले भेव वाटून राह्यलं. जनमभर असं बोलले नाही तुमी. अंदाजन सांगा ना."

मावसाजींचे ओठ हलले, पण तो शब्द काही निघेना. मावशी त्यांच्याकडे पाहत राहिली आणि मग हळूच म्हणाली, "राहू द्या. समजलं मले." तिला आत नेलं.

दुपारी डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "सगळं व्यवस्थित झालं." कितपत व्यवस्थित, हे मावसाजींनी विचारलं नाही. ते बाकावर बसले आणि माझ्या खांद्याला डोकं टेकून रडले. इतकी वर्षं मी ज्यांची टिंगल केली, ते मला त्या दुपारी फार आवडले. मावशी घरी आली, पुष्कळ जगली, आणि मावसाजी पुन्हा पहिल्यासारखेच बोलू लागले. आज दोघंही नाहीत. कुणी छातीठोकपणे काही सांगायला लागलं की मला त्यांची आठवण येते, आणि थोडी भीती वाटते.