मोठीआईच्या घरातली धूळ

मोठीआई आधी ऐकू यायची, मग दिसायची. केरसुणीचा खरखराट, मागून खोकला, मग उंबऱ्यात ती. माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची ही बायको. आई मजुरीला जायची, तेव्हा मी हिच्याच पदराला धरून वाढले. डोळखांबकडच्या आमच्या पाड्यात तिच्यासारखं लख्ख घर कुणाचं नव्हतं.

आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी पहिली. हे मी ताठ मानेनं सांगते, पण माझ्याआधी तीच सांगत सुटायची. खर्डीच्या रिक्षात अनोळखी माणसालाही: "आमची पोर कालेजात जंतू पाळते!"

घरातली धूळ शरीरातल्या राखणदार पेशींना काय करते, हा माझा एमएस्सीचा विषय. तिला सांगितलं, "धूळ आत गेली की त्या पेशी चवताळतात, एकमेकींना हाका मारतात. हे रोजचंच झालं की छातीतल्या नळ्या सुजतात."

"म्हंजे माज्या छातीत रोजची भांडणं?"

"हो. म्हणून कोरडं झाडू नकोस. ओलं फडकं फिरव, तोंडाला पदर बांध."

"आपल्याच घरात तोंड बांधून फिरू? चोर हाय का गो मी?"

तिला नेमकं कशानं धाप लागते, ते मला शोधायचं होतं. फोन केला, "रविवारी येते, घरातली धूळ न्यायला." गेले, तर भाताच्या कणगीमागेसुद्धा चिमूटभर नाही. चुलीवरची जळमटं गेलेली, जमीन ताजी सारवलेली. मोठीआई भिंतीला टेकून धापा टाकत होती.

"अगं, धूळच तर हवी होती!"

"अन् कालेजात ईचारलं, एवढी धूळ कोणाच्या घरातली, तर? तुजं नाव खराब नाय करायचं मला."

रिकामी बाटली घेऊन परतले. प्रयोगाला धूळ दुसऱ्या घरांतून मिळाली. तिची छाती मात्र पुढच्या थंडीत थकली ती थकलीच; त्यातच ती गेली.

परवा तिचं बंद घर उघडलं. कणगीवर, फळीवर, तिच्या पाटावर बोटभर धूळ. बाटली पिशवीतच होती. घरातल्या धुळीत तिथं राहणाऱ्या माणसाचीच कातडी, केस असतात, हे मी शिकलेय. बाटली पिशवीतच राहू दिली.

मग ओढणी तोंडाला बांधली, फडकं ओलं केलं आणि कणगीपासून सुरुवात केली. एवढी धूळ कोणाच्या घरातली, असं कुणी विचारायला नको.